साडूभाऊंचे दोन टक्के

“मुदतवाढ म्हणजे मुदतवाढ! ती मिळाल्याशिवाय या कँटीनच्या सांबारात एकही इडली बुडणार नाही, हे मी आज इथे जाहीर करतो!”

महाप्याच्या आमच्या कारखान्यात, कँटीनच्या बाकावर चढून, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून हे जे गृहस्थ गरजत होते, ते माझे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या पक्षाची पन्नासेक माणसं कोरडी इडली चावत खाली मान घालून बसली होती, आणि समोरच्या टेबलांवर विरोधी पक्ष एकेक इडली वर उचलून, सगळ्यांना नीट दिसेल अशी धरून, सावकाश सांबारात बुडवत होता. मी मधल्या टेबलावर होतो. मी पोहे घेतले होते.

या पृथ्वीच्या पाठीवर आमच्या साडूभाऊंइतका पक्षनिष्ठ माणूस झाला नाही, होणार नाही. कोणत्या पक्षाशी निष्ठ, हा प्रश्न गौण. समोर एक पक्ष दिसला की साडूभाऊ दुसरा पक्ष. दोन माणसं एखाद्या गोष्टीवर एकमताने माना हलवताना दिसली की त्यांना राहवत नसे, आणि ते मधे जाऊन उभे राहिले की पाच मिनिटांत त्या दोघांच्या दोन बाजू, दोन घोषणा आणि दोन खजिनदार तयार होत. आमची पहिली भेटच मुळी माझ्या लग्नात झाली. मी अंतरपाटाच्या अलीकडे घाम पुसत उभा, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एकदम गलका. जिलेबी मठ्ठ्याच्या आधी वाढायची की नंतर, यावर साडूभाऊंनी पंगतीची उभी फाळणी केली होती. बरं, ती वराकडचे आणि वधूकडचे अशीही नाही! माझे सख्खे काका मठ्ठापक्षात गेले आणि काकू जिलेबीपक्षात. त्या दोघांचं त्या विषयावर आजही पटत नाही. पंगतीत हातघाई होईल या भीतीने भटजींनी मंगलाष्टकं अशी काही पळवली की माझं लग्न नक्की कितव्या कडव्याला लागलं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

घरातला कारभारही ठरावांवर चाले. कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत माणसं तीन. साडूभाऊ, ताई, आणि आमचे सासरे नाना. साडूभाऊ आयुष्यात कधी “चहा कर” म्हणाले नाहीत. ते उभे राहत आणि म्हणत, “सर्वांना चहा मिळावा, असं मी सुचवतो. अनुमोदन?”

ताई ओट्याकडे तोंड करून म्हणायची, “साखर संपलीय.”

“ही उपसूचना झाली. मूळ ठरावाला अनुमोदन आहे का?”

मग पलंगावरून नानांचा हात वर जाई आणि चहा दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मंजूर होई. नानांना तेव्हाही अजिबात ऐकू येत नसे आणि त्यांचा हात बहुतेक वेळा माशी हाकलायला वर गेलेला असे. साडूभाऊ ते मत धरत. पण याच नानांना रोज पहाटे उठवून, धरून धरून न्हाणीत नेऊन, स्टुलावर बसवून अंघोळ घालायचे ते साडूभाऊच. दुसऱ्या कोणाच्या हाताला नाना अंग लावू देत नसत. ताईचं काम बालवाडीत, तिची पाठ दुखरी, आणि मी तो धाकटा जावई, दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येणारा. सासऱ्याला अंघोळ घालणारा जावई मी दुसरा पाहिला नाही. त्या कामाला मात्र त्यांनी कधी अनुमोदन मागितलं नाही.

आता कारखान्याविषयी. आम्ही बाटल्यांची बुचं करायचो. औषधाच्या बाटल्यांची असल्यामुळे साथीच्या दिवसांत सगळी नवी मुंबई कड्या लावून बसली तेव्हाही आमची बुचं चालू होती. कामगारांच्या युनियन दोन, जुनी आणि नवी. नव्या युनियनचे सरचिटणीस साडूभाऊ. जुन्या युनियनचे अध्यक्ष घणसोली गावातले पाटील फोरमन. मी स्टोअरमध्ये, म्हणजे स्टाफ. आम्हाला युनियन नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खायला आम्ही मोकळे.

साडूभाऊ आणि पाटील एकमेकांचे जन्माचे विरोधक, आणि कंपनीच्या बसमध्ये बावीस वर्षं एकाच सीटवर. खिडकी पाटलांची. सकाळी निघताना दोघे बोनसवर भांडायला सुरुवात करायचे आणि गेटवर उतरेपर्यंत एकमेकांच्या डब्यांची अदलाबदल झालेली असायची. पाटलीणबाईंचा सुका जवळा साडूभाऊंच्या पोटात, ताईची मेथीची भाजी पाटलांच्या. त्यांचं वैर इतकं व्यवस्थित होतं की सुट्टीच्या दिवशी दोघांनाही करमत नसे.

आणि मग ते दोन टक्के आले.

त्या वर्षी सरकारने तीन महिन्यांपुरती एक सवलत काढली. पगारातून पीएफसाठी बारा टक्के कापतात ते दहाच कापायचे. लोकांच्या हातात दोन पैसे जास्त पडावेत, हा हेतू. तीन महिने झाले की पुन्हा बारा. सरळ गोष्ट. देशभर लोकांनी ती स्लिपवर पाहिली आणि खिशात घातली. आमच्या कारखान्यात तिचं महायुद्ध झालं. पहिल्या महिन्याची स्लिप हातात पडताच साडूभाऊंनी ठराव मांडला की ही सवलत कायमची वाढवून मिळावी. “आज चूल पेटायची पंचाईत आहे आणि तुम्ही म्हातारपणाच्या गोष्टी करता? आपला पैसा आपल्या हातात!” टाळ्या. ताबडतोब पाटलांनी उलट ठराव मांडला की कपात आजच्या आज पूर्ववत करावी.

बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो, म्हणून ते संभाषण मला तोंडपाठ आहे.

“आरं, तुजे दोन कापायचं थांबलं त शेटचं बी दोन थांबलं,” पाटील म्हणाले. “तुजा पैसा तुजे हातान. आन त्याचा पैसा त्याचे हातान. तो वरती एसीत हसतंय, आन तू हितं नाचतंय.”

मुद्दा बिनतोड होता. मालकही आपल्या वाट्याचे बाराऐवजी दहाच भरणार होता, म्हणजे म्हातारपणी फटका दुहेरी. कोणीही शहाणा माणूस “खरंय बुवा” म्हणून जवळ्याचा डबा उघडला असता. पण समोरच्याचा मुद्दा पटला तर पक्ष राहतो कुठे? साडूभाऊ म्हणाले, “पाटील, तुम्ही मालकाची बाजू घेता?”

झालं. बावीस वर्षांत जे कोणी बोललं नव्हतं ते बोललं गेलं. पाटील उठले आणि खिडकीची जागा सोडून मागे जाऊन बसले. तशीही तेव्हा साथीच्या नियमाने एका सीटवर एकच माणूस बसायला हवा होता. तो नियम आमच्या बसमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा पाळला गेला.

पुढे जे झालं त्याला मी साक्षी आहे आणि तरी माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. बसची डावी बाजू मुदतवाढीची, उजवी कपातीची. डावीकडची माणसं जास्त झाल्यामुळे बस वळणावर कलायची आणि ड्रायव्हर हात जोडून म्हणायचा, “दोन माणसं तरी पक्ष बदला रे!” हात धुवायच्या साबणाच्या वड्या दोन झाल्या. साडूभाऊंनी “मुदतवाढ झालीच पाहिजे” असं छापलेले मास्क वाटले. ते लावून घोषणा दिली की काही ऐकू येईना आणि घोषणा ऐकू यावी म्हणून काढला की मास्कवरची घोषणा दिसेना. ते रोज संध्याकाळी दिल्लीला एक पोस्टकार्ड टाकत. महाप्याच्या कँटीनमध्ये काय ठरतंय याची दिल्लीला काडीचीही फिकीर नाही, हे मी एकदा सौम्यपणे सुचवलं, तर म्हणाले, “तू स्टाफ. तुला मत नाही.”

आणि कागद! साडूभाऊंचं खरं सामर्थ्य कागद चिकटवण्यात होतं. त्यासाठीची खळ ते घरीच शिजवत. मैदा, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि एक तास ढवळणं. ढवळताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. “माझा कागद भिंत पडली तरी पडत नाही,” असं ते म्हणत, आणि ते खरं असावं. त्यांनी तरुणपणी चिकटवलेलं एक पत्रक तुर्भ्याच्या एका पाण्याच्या टाकीवर होतं. टाकी पाडली तेव्हा मजुरांनी तो तुकडा तेवढा अखंड उतरवून बाजूला ठेवला म्हणतात. कारखान्यात नोटीस बोर्ड एकच, कँटीनच्या बेसिनशेजारी, काच केव्हाच फुटलेली. सकाळी साडूभाऊ आपलं पत्रक लावत. दुपारी पाटील त्याच्यावर आपलं लावत. संध्याकाळी पुन्हा साडूभाऊ. तो बोर्ड दिवसेंदिवस जाड होत गेला. काही दिवसांनी हात धुताना लोकांचं कोपर त्याला लागायला लागलं.

या गडबडीत तीन महिने संपले. कपात गपचूप बारावर गेली. सवलत वाढली नाही, तिच्यावर कुठे चर्चाही झाली नाही. मला वाटलं, सुटलो. छे! पाटलांच्या पक्षाने विजयाचे पेढे वाटले. साडूभाऊंच्या पक्षाने ते निषेध म्हणून खाल्ले. साडूभाऊ म्हणाले, संपलेली सवलत मागच्या तारखेपासून वाढवून मिळावी. त्यांनी गेटवर जंगी सभेची घोषणा केली, आणि सभेच्या तयारीत खळीचं तपेलं पुन्हा गॅसवर चढलं.

महिनाभराने, सभा तोंडावर आली असताना, एक दिवस दुपारी तीन अनोळखी माणसं मोल्डिंगच्या खात्यात टेप घेऊन शिरली आणि यंत्रं मोजू लागली. लांबी, रुंदी, उंची. पाटील म्हणाले, “काय रं, काय मोजतांव?”

“गाडीत मावेल का बघतोय,” त्यातला एक म्हणाला. “गुजरातला न्यायचंय ना.”

पाटील तसेच ऑफिसात गेले. मागोमाग साडूभाऊ. ऑफिसातल्या मॅडम चांगल्या स्वभावाच्या होत्या. त्या चकित होऊन म्हणाल्या, “पण नोटीस लावली होती ना! बोर्डावर. महिना झाला.”

मग सगळा कारखाना बोर्डापाशी. मी असं दृश्य पुन्हा पाहणार नाही. कँटीनवाल्याचं उलथणं घेऊन पाटील एका कडेने आणि डोशाचा कालथा घेऊन साडूभाऊ दुसऱ्या कडेने खरवडायला लागले. कोण्या बुडालेल्या नगराचे थर निघावेत तसे थर निघू लागले. मुदतवाढ झालीच पाहिजे. खाली, कपात झालीच पाहिजे. खाली, मालकाचे दलाल कोण? खाली, दलाल म्हणणारे कोण? एक नवा, एक जुना, एक नवा, एक जुना. पाटलांचे कागद पापुद्र्यासारखे सुटत. साडूभाऊंचे सुटत नव्हते. त्यांच्यावर पाणी मारावं लागलं, मग गरम पाणी.

“काय घातलंस रं खलीन?” पाटलांनी विचारलं. कित्येक महिन्यांनी ते साडूभाऊंशी थेट बोलत होते.

“मोरचूद.”

“चांगली हाय,” पाटील म्हणाले आणि खरवडत राहिले.

गेल्या महिन्याभराच्या थरांखाली ती निघाली. भिजलेली, शाई पसरलेली, पण वाचता येत होती. कारखाना गुजरातेत हलणार. न्हावा शेव्याकडचं गोदाम तेवढं इथे राहणार, तिथे पंचवीस जागा. ज्यांना घर सोडून जाता येत नाही त्यांची एकच यादी, दोन्ही युनियनच्या सह्यांनी, महिनाअखेरच्या आत द्यावी. यादी आली नाही तर बाहेरून माणसं घेतली जातील. महिनाअखेर होऊन चार दिवस झाले होते.

साडूभाऊंच्या निवृत्तीला पाच वर्षं होती. एवढ्या सेवेत त्या पंचवीस जागांतली पहिली त्यांची आणि दुसरी पाटलांची, हे न मोजताही कळत होतं. ते पुन्हा मॅडमच्या दारात जाऊन उभे राहिले. “दिसलीच नाही,” ते ओरडले. मॅडम म्हणाल्या की यादीची वाट पाहिली, मग कंत्राटदाराला सांगितलं, त्याची माणसं गोदामात रुजूही झाली. “दिसलीच नाही, मॅडम,” ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मास्कच्या आतच राहिलं. मग माझ्या देखत, ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाला एकट्याने काही मागितलं नव्हतं, तो म्हणाला, “माझा सासरा आहे घरी. त्याला अंघोळ मी घालतो.” ती बिचारी बाई खुर्चीतून उठली. तिने त्यांना पाणी दिलं.

पाटलांनी हिशेब घेतला आणि ते घणसोलीत घरी बसले. त्यांच्या तीन खोल्या भाड्याने आहेत, तेवढ्यावर भागतं. साडूभाऊंच्या खोल्या स्वतःच्याच नव्हत्या, त्या भाड्याच्या. त्यांना नोकरी सोडून चालण्यासारखं नव्हतं. ते गुजरातेत गेले, एका खोलीत चार माणसं राहतात तिथे. मी स्टाफ असल्यामुळे माझी बदली आपोआप गोदामात झाली. दर रविवारी मी कोपरखैरण्याला जाऊन नानांना अंघोळ घालतो. मला ते जमत नाही. “पाणी डोळ्यांत जातं,” असं नाना म्हणतात आणि दाराकडे बघतात. बाकीचे सहा दिवस ताई ओल्या फडक्याने अंग पुसते. परवा ताईने मला विचारलंसुद्धा नाही आणि समोर चहा आणून ठेवला. साखर होती. त्या घरात आता सगळं एकमताने होतं, आणि मला तिथे बसवत नाही.

ते गेले त्या दिवसाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. शेवटच्या ट्रकमध्ये बुचांचे साचे होते आणि त्यांच्याबरोबर ड्रायव्हरशेजारी बसून साडूभाऊ जाणार होते. भर दुपार होती. वजनकाट्याची चिठ्ठी यायची होती, म्हणून आम्ही दोघे गेटबाहेर लाकडी खोक्यांवर बसलो होतो. त्यांच्या पायाशी एक बॅग आणि ताईने बांधून दिलेल्या चपात्या. त्यांनी पाटलांची आठवण काढली नाही. मी अडीच महिने जे पोटात घेऊन फिरत होतो, ते सांगितल्याशिवाय मला तिथे राहवेना.

“साडूभाऊ,” मी म्हणालो, “ती नोटीस लागली त्याच सकाळी मी हात धुताना वाचली होती. तेव्हा तिच्यावर काही नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांनीच वाचली असेल. तुम्ही मला म्हणालात ना, तुला मत नाही, म्हणून मी बोललोही नाही. दुपारी बघतो तर वर तुमचं पत्रक.”

मला वाटलं, हा माणूस आता खोक्यावर चढेल. चढला असता तर बरं झालं असतं. मी मुकाट ऐकून घेतलं असतं. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. साडूभाऊ उठले, बॅग उचलली, चपात्यांचं पुडकं काखेत धरलं.

“मीपण वाचली होती,” ते म्हणाले. “म्हटलं, आधी सभा होऊ दे.”